यशवंतराव चव्हाण नाशिकचे खासदार होते की नव्हते? (पैज लागली आहे)

गंगापूररोडवाला

नमस्कार मंडळी. रविवारी नेहमीचं टोळकं मिसळीला जमलं होतं. त्यात एका मित्राचा नवा जावई, साताऱ्याचा. बोलता बोलता विषय यशवंतरावांवर आला (साताऱ्याचा माणूस म्हटल्यावर येणारच) आणि मी सहज बोलून गेलो की यशवंतराव लोकसभेत पहिल्यांदा गेले ते आमच्या नाशिकमधून. झालं. जावईबापूंनी पाव खाली ठेवला. म्हणे काका काहीतरीच काय, साहेब कराडचे, खासदार साताऱ्याचे, नाशिकचा काय संबंध? टेबलाला आम्ही सहा नाशिककर, एकानेही माझी बाजू घेतली नाही! वर आमचाच एक दोस्त म्हणतो की मुक्त विद्यापीठाला त्यांचं नाव आहे ना, त्यावरून तुझा घोळ झाला असेल.

मला हे वडिलांकडून ऐकून माहीत, पण साल कुठलं विचारल्यावर माझी त त प प. तर पैज लागली आहे. हरणाऱ्याने पुढच्या रविवारी सगळ्या टेबलाची मिसळ द्यायची, ताकासकट.

प्रश्न दोन. ते नाशिकचे खासदार होते ना, आणि कधी? आणि होते तर मग नाशिकमध्येच कुणाला कसं आठवत नाही? नुसत्या लिंका टाकू नका, त्या मलाही सापडतात. जाणकारांनी जरा हात मोकळा सोडून लिहा.

मिसळ_एके_मिसळ

आधी मिसळ कुठली ते सांगा. इतिहास काय कुठे पळून जात नाही.

पंचवटीचा_पोरगा

+१. काळा रस्सा की लाल?

जेन_झी_नाशिक

मी YCMOU... सॉरी, मुक्त विद्यापीठातूनच डिग्री करतोय आणि मलाही हे माहीत नव्हतं 😅 मला वाटायचं नाव द्यायचं म्हणून दिलं असेल, सगळीकडे देतात तसं.

संपादक_मंडळ

जेन_झी, रोमन अक्षरं नको, नियम माहीत आहेत. बाकी सगळ्यांना आधीच सांगून ठेवतो, धागा दिवंगत नेत्यावर आहे. आजचे पक्ष, चिन्हं, कोण कुणाचा शिष्य, हे इथे आलं की प्रतिसाद उडणार.

दाजीकाका_रविवारकारंजा

गंगापूररोडवाले, तुमचे वडील बरोबर सांगत होते. मी १९४८ चा, तेव्हा पंधरा वर्षांचा, सगळं नाही पण बरंच आठवतं.

६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला, कृष्ण मेननना संरक्षण खातं सोडावं लागलं आणि नेहरूंनी यशवंतरावांना मुंबईहून बोलावून घेतलं. ते मुख्यमंत्री होते, महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम अडीच वर्षं झालेली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की शाळेत सगळ्यांच्या निबंधाची सुरुवात तीच. २१ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. आमच्या वाड्यातले एक आजोबा मरेपर्यंत सांगायचे, बघा, सह्याद्री नुसता निघाला म्हटल्यावर पळाले.

आईने संरक्षण निधीला एक पाटली दिली होती. जोडीतली एकच. दुसरी राहिली पण एकटी पाटली कशी घालणार, ती डब्यातच पडून असायची, पुढे बहिणीच्या लग्नात मोडली. वडील चिडवायचे की दोन्ही दिल्या असत्यास तर निदान मन तरी मोठं दिसलं असतं.

तर ६३ साली नाशिकची पोटनिवडणूक लागली, यशवंतराव उभे राहिले आणि बिनविरोध निवडून आले. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे असं मला वाटतं. निवडणूक म्हणजे आम्हा पोरांना दिवाळी. काँग्रेसच्या बैलजोडीचे बिल्ले गोळा करायचे, गेरूने रंगवलेल्या भिंती वाचत हिंडायचं, टांग्यावरच्या भोंग्यामागे पळायचं. आम्ही वाट बघत बसलो आणि काहीच झालं नाही. सभा नाही, बिल्ले नाहीत. बिनविरोध म्हणजे काय हे मला वडिलांनी तेव्हा समजावून सांगितलं आणि मी चक्क हिरमुसलो. म्हणजे बघा, नाशिकच्या एकाही माणसाने त्यांना मत दिलेलं नाही, कारण मतदानच झालं नाही. ज्याच्यासाठी रांगेत उभं राहिलो नाही, ज्याच्यावरून शेजाऱ्याशी भांडलो नाही, तो खासदार लक्षात राहणार कसा? ६७ ला ते साताऱ्यातून उभे राहिले ते मग कायमचेच तिकडचे झाले.

गंगापूररोडवाला

काका, दंडवत! हाच प्रतिसाद हवा होता. बिनविरोधचं हे असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. पैज खिशात.

कलम_पंचाहत्तर

दाजीकाकांनी उत्तम लिहिलंय, एक कायद्याची पुस्ती जोडतो. शपथ घेतली तेव्हा ते संसदेच्या कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. राज्यघटनेच्या कलम ७५ नुसार असा माणूस मंत्री होऊ शकतो, फक्त सहा महिन्यांत खासदार व्हावं लागतं. आणि एकदा लोकसभेत गेल्यावर ते १९६३ पासून २५ नोव्हेंबर १९८४ ला वारले तोपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षं, सलग खासदार होते. नाशिक एकदा आणि सातारा चारदा, १९६७, ७१, ७७ आणि ८०. एकदाही पडले नाहीत. ७७ मध्ये खुद्द इंदिराबाई पडल्या, हे निवडून आले.

सिडकोवाला_संदीप

आणि आमच्याकडे बघा. ७७ ला शेकापचे हांडे, मग वाघ, माने, आहेर, पवार, राजाराम गोडसे, माधवराव पाटील, ढिकले, पिंगळे, समीर भुजबळ. दर वेळी नवीन माणूस. बंगल्याच्या पडद्यांचं माप घेऊन होईस्तोवर टर्म संपते. २०१४ आणि १९ ला हेमंत गोडसे लागोपाठ दोनदा आले तेव्हा पेपरवाल्यांना बातमी झाली होती की नाशिकची परंपरा मोडली. २०२४ ला परत नवीन.

दाजीकाका_रविवारकारंजा

संदीप, ७७ च्या आधीचं विसरलास. यशवंतराव गेल्यावर ६७ आणि ७१ असे दोनदा भानुदास कवडे होते. म्हणजे परंपरा वगैरे नंतरची.

सिडकोवाला_संदीप

मान्य काका. कवडे साहेबांचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं हेही मान्य.

बागलाणी_भो

भो, माझी एक गंमत. कॉलेजला सटाण्याहून नाशिकला आलो तेव्हा रूमपार्टनर औरंगाबादचा. त्याला गोदाघाट दाखवायला नेलं, यशवंतराव महाराज पटांगण म्हणून सांगितलं तर तो हात जोडून म्हणतो, चव्हाण साहेबांना इकडे महाराज म्हणतात का? मी हसून हसून गंगेत पडायचा बाकी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ते यशवंतराव म्हणजे आमचे देवमामलेदार. इंग्रजांच्या काळात सटाण्याला मामलेदार होते, १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी तिजोरीतले पैसे लोकांना वाटून टाकले. शेवट त्यांचा नाशिकात झाला म्हणून गंगेवर त्यांचं स्थान. एवढ्या मोठ्या दोन यशवंतरावांत नाशिककर कायम गोंधळतो, त्याला माझ्याकडून माफी.

पंचवटीचा_पोरगा

तिजोरी वाटणारा मामलेदार देव झाला. तिजोरी सांभाळणारा अर्थमंत्री विसरला गेला. जमतंय की 😄

ओझर_टाउनशिप

विसरला कसा? आम्ही नाही विसरलो. ओझरला मिग लढाऊ विमानांचा कारखाना आला तो यशवंतराव संरक्षणमंत्री आणि नाशिकचे खासदार असतानाच, १९६४. वडील पहिल्या काही बॅचमधले, आयटीआय करून फिटर म्हणून लागले. मूळ गाव निफाड तालुक्यात, घरी कोरडवाहू शेती, सहा भावंडं. वडील सांगायचे की पहिल्या पगाराला आजोबांनी नोटा देवापुढे ठेवल्या आणि दोन दिवस हात लावू दिला नाही. रशियन इंजिनियर यायचे, भाषा कुणालाच येत नव्हती, पान्याचा आकार हातवारे करून सांगायचे. वडिलांना शेवटपर्यंत रशियन आकडे म्हणता यायचे, आम्ही पोरं पाहुण्यांसमोर म्हणायला लावायचो.

टाउनशिप, शाळा, दवाखाना, आमचं सगळं आयुष्य त्या एका निर्णयावर उभं आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तो टीव्हीवर बघताना आई म्हणाली, तुझे बाबा असते तर आज जेवले नसते. ज्याला नाशिकसाठी काय केलं विचारायचं आहे त्याने एकदा आमच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभं राहावं.

खडाष्टक

भावना समजल्या, पण जरा थांबा. कारखाना खासदाराने आणला ही आपल्याकडची लाडकी दंतकथा असते. मिगचं काम तीन ठिकाणी वाटलं होतं, विमानाचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओरिसात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. कोरापुट आणि हैदराबादचे खासदार काय संरक्षणमंत्री होते का? नाशिकला मोकळी सपाट जमीन, कोरडी हवा, मुंबई जवळ, रेल्वे आहे, देवळालीला आधीपासून तोफखान्याची छावणी. बाबू लोकांनी नकाशा बघूनही हेच ठरवलं असतं.

ओझर_टाउनशिप

नकाशात कोरडी हवा पुण्यालाही आहे, नगरलाही आहे. तीन ठिकाणं निवडताना टेबलाच्या डोक्यावर नाशिकचा खासदार बसलाय याचा काहीच उपयोग झाला नाही असं तुम्हाला म्हणायचं असेल तर तुम्ही कधी सरकारी ऑफिसात गेलेला नाहीत.

कलम_पंचाहत्तर

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. मंत्र्याने सांगितलं म्हणून वाईट जागा चांगली होत नाही, पण चार चांगल्या जागा समोर असताना पारडं कुठे झुकतं ते सगळ्यांना कळतं. ओझरला मी यशवंतरावांच्या खात्यात जमा धरतो.

तो काळच तसला होता. चीनकडून मार खाल्लेला, सैन्य खचलेलं, आणि हा माणूस पुढची चार वर्षं डोकं खाली घालून फौज उभी करत होता. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले तेव्हा हवाई दल वापरायचं की नाही हा प्रश्न आला. ६२ ला आपण लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. हवाई दलप्रमुख अर्जनसिंग विचारायला आले आणि यशवंतरावांनी काही मिनिटांत हो म्हटलं, त्याच संध्याकाळी विमानं उडाली. त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांनी या काळाबद्दल लिहिलेलं मिळवून वाचा. आणि तेव्हा ते खासदार कुठले होते? नाशिकचे! पासष्टचं युद्ध लढणारा संरक्षणमंत्री हा आपला खासदार होता हे शहरात एका पाटीवर तरी दिसतं का.

मिसळ_एके_मिसळ

पाटी लावली तरी त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स लागेल.

गोदाकाठ_१९३०

धाग्यात एक नाव अजून आलं नाही म्हणून लिहितोय. यशवंतरावांच्या आधी नाशिकने लोकसभेत कुणाला पाठवलं होतं? ५७ ला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना. दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे, १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांचे खंदे सहकारी. संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, काँग्रेस नाशिकमध्ये आपटली. आणि तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री कोण? यशवंतराव. महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे असं बोलून बसल्यामुळे लोकांच्या शिव्या खाणारे, स्वतः कराडमधून कसेबसे वाचलेले.

त्याच नाशिकने सहा वर्षांत त्यांना न मागता बिनविरोध खासदारकी दिली. मधल्या काळात राज्य आलं, ईबीसी आली (बाराशेच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या पोरांना फी माफ, आमच्या घरातले दोन काका त्याच्यावर शिकले), महार वतनं गेली, बौद्ध झालेल्यांना राज्यात सवलती चालू राहिल्या. शिवी देणाऱ्याला आपलंसं करायची हातोटी त्यांच्याकडे होती, हे विरोधकही मानायचे.

आणि ६३ ते ६७ या चार वर्षांत गंमत बघा, लोकसभेत नाशिकचे खासदार यशवंतराव आणि राज्यसभेत दादासाहेब. एक सरकारात, दुसरा भूमिहीनांचा सत्याग्रह करून हजारोंना घेऊन तुरुंगात. मला विचाराल तर नाशिकचा खरा खासदार दुसरा.

दाजीकाका_रविवारकारंजा

गोदाकाठ, मनापासून लिहिलंत. दादासाहेबांना मी रस्त्यातून चालत जाताना पाहिलंय. यशवंतरावांना मात्र एकदाच, लांबून, मोटारीत. धोतर-टोपी आणि हसरा चेहरा एवढंच.

नोटछाप_नाशिकरोड

वर कुणीतरी अर्थमंत्री म्हणालं म्हणून आठवलं. १९७० ते ७४ ते अर्थमंत्री होते आणि आजोबा तेव्हा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे करन्सी नोट प्रेस हो, १९२८ ची. देवासचा कारखाना सुरू व्हायचा होता, त्यामुळे देशातली एकूण एक नोट तेव्हा जेलरोडच्या अलीकडे छापली जायची. नाशिकची खासदारकी सोडली तरी साहेब आमचे साहेबच राहिले, आजोबांचा आवडता विनोद.

काळ बेकार होता पण. बांगलादेशचं युद्ध, कोट्यवधी निर्वासित, बहात्तरचा दुष्काळ, वर त्र्याहत्तरला तेलाचे भाव. ७३-७४ चं बजेट त्यांनी मांडलं, ५५० कोटींची तूट, त्याला काळा अर्थसंकल्प म्हणतात ते तेच. आयकराचा वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के! शंभरातले सव्वादोन रुपये घरी न्या. आजोबांना शेजारी विचारायचे, अहो तूट आहे म्हणतात तर तुम्ही दोन शिफ्ट जास्त का नाही मारत?

जेन_झी_नाशिक

९७.७५ टक्के??? माझ्या भावाला ३० टक्क्यांत रडू येतं.

खडाष्टक

आरती चांगली चाललीये, आता जरा दुसरी बाजू. यशवंतरावांना कुंपणावरचे म्हणायचे ते उगाच नाही. १९६९ ला राष्ट्रपतीपदासाठी बंगळूरला सिंडिकेटबरोबर (म्हणजे काँग्रेसमधले इंदिराविरोधी जुने बडे नेते) संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिलं, आणि पक्ष फुटला तेव्हा इंदिराबाईंबरोबर राहिले. ७८ ला परत फूट, तेव्हा बाईंच्या विरोधात. ७९ च्या जुलैत विरोधी पक्षनेते म्हणून मोरारजींवर अविश्वास ठराव आणला, मोरारजी गेले, आणि हे चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान. ते सरकार लोकसभेला तोंड न दाखवताच पडलं. मग शेवटी पुन्हा इंदिराबाईंकडे, आणि तिथे पूर्वीचा मान कधी मिळाला नाही.

सगळ्यात मोठं म्हणजे आणीबाणी. परराष्ट्रमंत्री होते, मंत्रिमंडळात बसलेले. माझे वडील मिसाखाली (विनाचौकशी अटकेचा कायदा) एकोणीस महिने आत होते, मी दुसरीत होतो. आजी दर गुरुवारी डबा करायची आणि परत आणायची, कारण कधी भेट मिळायची कधी नाही. आमच्या घरात यशवंतरावांचा फोटो होता, मुख्यमंत्री असतानाचा, वडिलांनीच लावलेला. सुटून आल्यावर त्यांनी तो काढला नाही, फक्त भिंतीकडे तोंड करून ठेवला. कित्येक वर्षं तसाच होता. एवढा वाचलेला, एवढा लोकशाहीवादी माणूस, त्याला एक शब्द बोलता आला नाही? एकवीस वर्षांत एकदाही न पडण्याची किंमत ही असेल तर ती मला महाग वाटते.

कलम_पंचाहत्तर

खडाष्टक, फोटोचं वाचून थांबलो जरा. आणीबाणीवर त्यांची बाजू मी घेणार नाही, घेता येत नाही.

बाकी पक्षांतराचं म्हणाल तर त्यात एक नियतीचा खेळ आहे. गृहमंत्री असताना (६६ च्या नोव्हेंबरात गोहत्याबंदीच्या मोर्चावरून आधीचे गृहमंत्री गुलझारीलाल नंदांना जावं लागलं, मग हे आले) आयाराम-गयाराम हा शब्द संसदेत गाजवला तो यशवंतरावांनीच. हरियाणाचे गयालाल पक्ष बदलतच होते त्यावरून. मग पक्षांतरावर उपाय शोधायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच. समितीने ६९ ला अहवाल दिला, त्यात पक्ष सोडणाऱ्याला लगेच मंत्रिपद मिळू नये वगैरे सूचना होत्या. अहवाल पडून राहिला. दहा वर्षांत अध्यक्ष स्वतःच त्या गर्दीत सापडले. कायदा झाला १९८५ ला, ते गेल्यावर काही महिन्यांत.

पंचवटीचा_पोरगा

आणि कायदा झाल्यापासून महाराष्ट्रात एकदाही पक्षांतर झालेलं नाही.

संपादक_मंडळ

पोरगा, कडेवर आहात.

कराडची_माहेरवाशीण

इतका वेळ नुसती वाचत होते. माहेर कराड, सासर नाशिक, त्यामुळे या धाग्यात माझे दोन्हीकडून कान टवकारलेले.

८४ ला मी सातवीत होते. इंदिराजींना जाऊन महिनाही झाला नव्हता, रेडिओवर सारखं गंभीर संगीत ऐकायची सवय झाली होती, आणि नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा तेच सुरू झालं. आई म्हणाली आता कोण? साहेब दिल्लीत वारले आणि प्रीतिसंगमावर आणलं. कृष्णा-कोयनेच्या काठाला मी तशी माणसं परत कधी पाहिली नाहीत. वाळवंटात, झाडांवर, पुलावर. रडणारे म्हातारे पाहिले मी, धोतराच्या सोग्याने डोळे पुसणारे. वडील म्हणाले की वेणूताई गेल्या तेव्हाच साहेब निम्मे गेले होते. त्या ८३ च्या १ जूनला गेल्या, लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. मूलबाळ नाही. मागे राहिली ती पुस्तकं, ती वेणूताईंच्या स्मारकात कराडला ठेवली आहेत, जाऊन बघा, समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत.

खडाष्टक यांचा राग मला समजतो. आमच्या गावातही त्या काळात आत गेलेले होते. पण वडिलांच्या भिंतीकडे तोंड केलेल्या फोटोबद्दल तुम्ही लिहिलंत ना, त्यात मला राग कमी आणि दुसरंच काहीतरी दिसलं. नाहीतर त्यांनी तो काढून नसता का टाकला.

आणि एक सांगू का. कृष्णाकाठ, त्यांचं आत्मचरित्र, वाचलं असेल बऱ्याच जणांनी. जन्मगाव देवराष्ट्रे, लहानपणीच गेलेले वडील, आई विठाई, शिक्षणाची ओढ, तुरुंग, सगळं आहे, पण ते १९४६ च्या आसपास संपतं. पुढचे खंड लिहायचे राहून गेले. म्हणजे दिल्ली नाही, संरक्षण नाही, आणीबाणी नाही, तुमचं नाशिकसुद्धा नाही. ते गप्प का बसले याचं उत्तर, असलंच तर, त्या न लिहिलेल्या पानांत होतं.

खडाष्टक

ताई, धन्यवाद. वडील गेल्यावर फोटो माझ्याकडे आहे. सध्या माळ्यावर. बघतो.

गोदाकाठ_१९३०

न लिहिलेल्या पानांवरून, दादासाहेबांच्या नाशिकमधल्या आठवणी सांगणारी पिढीही संपत चालली आहे. दाजीकाका, तुम्ही सवडीने वेगळा धागा काढाच. फक्त पाहिलेलं लिहा, कमी असलं तरी चालेल.

दाजीकाका_रविवारकारंजा

काढतो. टायपिंग नात करून देते, तिची परीक्षा संपू दे.

गंगापूररोडवाला

मंडळी, रविवारचा वृत्तांत. धागा छापून नेला होता, सहा पानं. जावईबापूंनी शांतपणे सगळी वाचली, मिसळ गार झाली तरी वाचत होते. कराडच्या ताईंच्या प्रतिसादावर जरा जास्तच वेळ थांबले, त्यांचे आजोबा त्या दिवशी प्रीतिसंगमावर होते म्हणे. मग म्हणाले, काका हरलो, ६३ ते ६७ तुमचे, पण पुढची सतरा वर्षं आमची, आणि आम्ही शाई लावून घेतली होती. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता पैशांचं. खिशात हात घातला त्यांनी, पण जावयाला बिल कसं द्यायला लावायचं? अजून वर्षाचे सणही झाले नाहीत. मग सासऱ्याने द्यावं असं ठरलं, सासरा म्हणे पैज मी लावली नव्हती. पाच मिनिटं नुसती ओढाताण. शेवटी दिले मीच. पैज जिंकून अकराशे चाळीस रुपये गेले.

सिडकोवाला_संदीप

नाशिककर बिनविरोध हरला 😂😂

मिसळ_एके_मिसळ

सात जणांचे अकराशे चाळीस? अहो कुठे खाता तुम्ही? नाव नाही सांगायचं तर निदान रस्ता सांगा.

ओझर_टाउनशिप

विषय निघालाच आहे तर कुणाकडे ६४-६५ सालचे ओझरचे फोटो आहेत का? माळरानाचे, बांधकाम सुरू असतानाचे. वडिलांच्या बॅचचा एकच आहे आमच्याकडे, त्यात ते अर्धे कापले गेलेत.

दाजीकाका_रविवारकारंजा

माझ्या मेव्हण्यांकडे असावेत, ते तिथे कंत्राटदाराकडे मुकादम होते. विचारून व्यनि करतो.